अंड्याची खोकी आणि कोंबडीची निवड : परसातल्या १८ कोंबड्यांच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

कळप : ४ जूनला अंड्यातून निघालेल्या १८ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या). त्यात १२ ग्रामप्रिया (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची जात) आणि ६ गावठी. सोबत एक गावठी कोंबडा. ठिकाण वाई तालुका, घरामागचं परस. खुराडं १० × ८ फूट, वर पत्रा, दार पूर्वेला. शेजारी गोठा आणि कडब्याची गंजी.

ग्रामप्रियाचं अंडं तपकिरी, गावठीचं मळकट पांढरं आणि लहान. कोण कुठे घालतंय हे रंगावरून कळेल, प्रत्येकीवर पाळत ठेवावी लागणार नाही.

वय आज सतरा आठवडे पाच दिवस. अंडी घालायची खोकी आत्ताच बसवायची. पहिलं अंडं दिसल्यावर सुताराला बोलावलं तर उशीर झालेला असतो. तलंग अंड्यावर येण्याआधी दोन-तीन आठवडे जागा हुंगत फिरते आणि पहिली चार-पाच अंडी जिथे पडतात ती जागा मनात धरते. नंतर तिला तिथून हलवणं महाकठीण.

पाच कोंबड्यांमागे एक या हिशेबानं चार खोकी, एकाला एक जोडून. १२ मिमी प्लायवुडची आठ बाय चार फुटांची एकच शीट पुरली. प्रत्येक खोकं आतून ३० सेंमी रुंद, ३५ खोल, पुढून ३५ उंच. कापणी अशी : तळ आणि पाठ १२६ × ३५ सेंमीच्या दोन पट्ट्या, पुढचा उंबरा १२६ × १०, आडभिंती ३५ × ३५ च्या पाच. उतरतं झाकण ६३ × ५८ चे दोन तुकडे. झाकण अखंड करू नका. शीटमध्ये बसत नाही हे एक कारण, पण मोठं कारण साफसफाईचं : दोन तुकडे हातानं उचलता येतात आणि आतल्या सांध्यांपर्यंत ब्रश पोचतो. झाकणाचा उतार ४५ अंशांचा, नाहीतर कोंबड्या वर बसतात आणि सगळी विष्ठा खोक्यांवर येते. झाकणाखाली दोन्ही बाजूंना उरणाऱ्या त्रिकोणांना बारीक जाळी मारली. हवा खेळते, कोंबडी घुसत नाही.

९ ऑक्टोबर

खोकी पश्चिमेच्या भिंतीला, तळ जमिनीपासून ४५ सेंमीवर. उंबऱ्यापुढे १५ सेंमीवर उतरायला ५ सेंमी रुंद पट्टी. ती नसेल तर वजनदार कोंबडी उडी मारून थेट आत आदळते आणि आधीचं अंडं फोडते.

रात्री बसायचे दांडे ९० सेंमीवर. दांडे खोक्यांपेक्षा उंच हवेतच, कारण कोंबडी रात्रीसाठी खुराड्यातली सर्वांत उंच जागा शोधते. खोकं उंच असेल तर खोक्यात झोपेल, आणि झोपेत हगेल.

अंथरूण मुद्दाम चार तऱ्हेचं : १ मध्ये भाताचं तूस, २ मध्ये भाताचा पेंढा वीतभर कापून, ३ मध्ये लाकडाचा भुसा, ४ मध्ये उसाचं पाचट चुरून. सगळीकडे ८ सेंमी थर.

२० ऑक्टोबर

तीन तलंगा खोक्यात झोपताहेत. दांड्यांवर मुंडकी मोजली तर जागाच कमी : पक्ष्यामागे २० सेंमी धरले तर १९ पक्ष्यांना ३८० सेंमी लागतात, आपले दोन दांडे मिळून ३००. तिसरा दांडा टाकला. शिवाय संध्याकाळी साडेपाचला खोक्यांपुढे फळी, सकाळी साडेसहाला काढायची. सवय मोडायला आठवडाभर पुरतो.

२ नोव्हेंबर

सात ग्रामप्रियांचे तुरे लाल झाले. पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली बसतात. ही खूण पक्की : दहा-बारा दिवसांत अंडं. माकडहाडाखालच्या दोन हाडांमध्ये एका बोटाची जागा होती, आता दोन बोटं मावतात. घालणारी झाली की तीन.

वाढीचं खाद्य बंद, अंड्यावरच्या कोंबडीचं सुरू. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. खाद्यात मिसळायचा नाही. जिला लागेल ती खाईल, कोंबड्याला नको असतो.

१३ नोव्हेंबर

पहिलं अंडं. तपकिरी, ४१ ग्रॅम, वयाचा १६२ वा दिवस. पडलं जमिनीवर, खाद्याच्या पोत्यामागच्या कोपऱ्यात.

तो कोपरा तिनं का निवडला हे तिच्या उंचीवर बसून पाहिलं. अंधार, दोन बाजूंना भिंत, तिसरीकडे पोतं, खाली सुटी सुकी माती. खोक्यांत यातलं अर्धंच होतं : उघडं तोंड, भरपूर उजेड. दोष कोंबडीचा नाही.

केलेले बदल. पोतं हलवलं, कोपऱ्यात विटा रचून त्रिकोण भरून टाकला. खोक्यांच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा, मधोमध उभी चीर, खालून अर्धा फूट उघडा. प्रत्येक खोक्यात सुताराकडून करवून आणलेलं लाकडी अंडं. दुसरीचं अंडं दिसलं की तलंगेला जागा सुरक्षित वाटते. पिंगपाँगचा चेंडू वापरून पाहू नका, हलका असतो, उकरताना बाहेर उडतो.

जमिनीवरचं अंडं दिसल्या क्षणी उचलायचं. तासभर राहिलं तर तिथे दुसरं येतं.

१७ नोव्हेंबर

पाच दिवसांत नऊ अंडी : खोकं १ व २ मध्ये सहा, जमिनीवर तीन, ३ व ४ रिकामी. सकाळी आठला खुराड्यात उभं राहिल्यावर उलगडा झाला. दार पूर्वेला, खोकी समोर, त्यामुळे आठ ते दहा या ऐन वेळेला ऊन थेट ३ आणि ४ मध्ये शिरतं. पश्चिमेची भिंत दुपारी तापते याचा विचार केला होता, सकाळच्या तिरप्या उन्हाचा केला नव्हता. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला गोणपाट लावलं. खोकी उत्तरेच्या भिंतीला असती तर हे करावं लागलं नसतं.

२४ नोव्हेंबर

एका कोंबडीची सकाळ पूर्ण पाहिली. ग्रामप्रिया, पायात निळी रिंग.

७:५० – दाणे टिपणं सोडून भिंतीकडेनं फेऱ्या. लांबट, कण्हल्यासारखा आवाज, एकेक सेकंद ओढलेला.

८:०५ ते ८:३१ – खोक्यांची तपासणी. मान आत, एका डोळ्यानं पाहणं, मान बाहेर. ४ मध्ये दोनदा शिरून बाहेर. १ मध्ये दुसरी बसलेली असूनही तिच्याशेजारी घुसायचा प्रयत्न, टोच खाऊन माघार.

८:३१ – २ मध्ये शिरली. जागच्या जागी गोल फिरली, छाती खाली दाबली, पायांनी मागे उकरलं. मग चोचीनं पेंढ्याची एकेक काडी उचलून खांद्यावरून मागे टाकत राहिली. अठरा मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी तिच्या पाठीवर सात-आठ काड्या आणि खाली हाताच्या ओंजळीएवढा नेटका खळगा.

८:५० – शांत. डोळे अर्धे मिटलेले.

९:१४ – अर्धवट उठली, मानेची पिसं फुलली, श्वास उघड्या चोचीनं. ९:१६ ला अंडं. ओलं, चकचकीत. अर्ध्या मिनिटात चकाकी उडाली आणि कवच कोरडं झालं. तो ओला थर म्हणजे कवचाच्या छिद्रांवरचं पाखर आहे, म्हणून अंडी धुवायची नाहीत.

९:१७ – हनुवटीनं अंडं छातीखाली ओढलं, बसून राहिली.

९:३४ – बाहेर. पाचेक पावलं गेल्यावर कलकलाट, त्याला कोंबड्याची साथ.

८:५० ते ९:१६ ही वेळ फार जपायची. या वेळी कुणी पडदा उघडला तर कोंबडी अंडं रोखून धरते, आणि रोखलेल्या अंड्यावर पांढरट चुन्याची पूड चढते. असं पुडीचं अंडं दिसलं की खोक्याजवळ मांजर, पोरं किंवा आपणच घोटाळत होतो का, ते तपासायचं.

आणखी एक. लाल रिंगवाली त्याच सकाळी ४० मिनिटं खोक्यात बसली, सगळं रीतसर केलं आणि अंडं न घालता उठली. आजार नव्हे. खोक्याची ओढ आज पोटात असलेल्या अंड्यामुळे लागत नाही. ती लागते आदल्या दिवशी बलक सुटून रिकाम्या झालेल्या पिशवीतून पाझरणाऱ्या संप्रेरकांमुळे. वुड-गश आणि गिल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात एडिनबरोच्या कुक्कुट संशोधन केंद्रात हे दाखवून दिलं. बलक वाट चुकून पोटातच पडला तरी कोंबडी नेमक्या वेळी घरटं करायला जाते. नव्या तलंगेत हे अधूनमधून होतंच. मात्र शेपटी खाली पाडून, पेंग्विनसारखी उभी राहून ती वारंवार जोर करत असेल तर अंडं अडकलंय. तिला कोमट पाण्यात पाऊण अंगानं पंधरा-वीस मिनिटं धरायचं, मग अंधाऱ्या उबदार जागी ठेवायचं आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवायचं. पोट दाबायचं नाही. आत अंडं फुटलं तर कोंबडी जाते.

१ डिसेंबर

अंथरुणाचा निकाल. तूस चार दिवसांत उकरून बाहेर गेलं, अंडी थेट प्लायवर पडू लागली, दोन तडकली. लाकडाचा भुसा बरा टिकला, पण खळगा धरत नाही, अंडं कडेला घरंगळतं. पाचटाच्या पानांची कड धारदार, कोंबड्या बसत होत्या पण काड्या उचलत नव्हत्या. पेंढ्याचं खोकं सर्वांत आधी भरतं. तिथे चोचीला काम मिळतं आणि खळगा टिकतो.

आता सगळीकडे खाली ३ सेंमी भुसा, वर ८ सेंमी कापलेला पेंढा. पेंढा कापायचाच, लांब काडी पायाला गुंडाळते. उंबरा १० सेंमीचा अपुरा पडतोय, वर २ सेंमीची पट्टी ठोकली.

१५ डिसेंबर

निळ्या रिंगच्या वेळा सलग : ८:१०, ९:०५, १०:००, ११:२०, १:३०. नंतर एक दिवस खाडा, पुढच्या दिवशी पुन्हा ७:५५. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले सुमारे २० कवचावर. एक घातल्यावर अर्ध्या तासानं पुढचा बलक सुटतो, म्हणून वेळ रोज पुढे सरकते. दुपार उलटली की तो दिवस बलक सुटत नाही आणि चक्र पुन्हा पहाटेवर येतं. खाडा पडला म्हणून औषध शोधू नये.

दिवस सध्या अकरा तासांचा. १४ तास उजेड मिळावा म्हणून ५ वॅटचा एलईडी टायमरवर, पहाटे चार ते सात. संध्याकाळी दिवा वाढवायचा नाही : एकदम विझला की दांड्यावर न पोचलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच राहतात.

१९ डिसेंबर

जमिनीवर पुन्हा तीन अंडी, तीही साडेसहाच्या आत. चूक आपली. दिवा चारला लागतो, घालायची वेळ उजेडाबरोबर मागे आली, आणि खोक्यांपुढची रात्रीची फळी मात्र साडेसहालाच निघत होती. बिचाऱ्या बंद दारापुढे फिरून जमिनीवर बसल्या. झोपायची सवय कधीच मोडली आहे, तेव्हा फळी कायमची बंद.

८ जानेवारी २०२५

गावठी डिसेंबरमध्ये अंड्यावर आल्या. रोज तीन-चार पांढरी अंडी होती, गेला आठवडाभर एक किंवा दोन. खुराडं सकाळी सातला उघडतं. दोन कोंबड्या सात ते नऊ दिसतच नाहीत.

कलकलाट ऐकून धावायचं नाही. गावठी कोंबडी घरट्यापासून बरीच लांब जाऊन ओरडते, माग काढणारा भलतीकडे जातो. जुन्या बायका करतात ते खरं : सकाळी खुराड्यातच कोंबडी चाचपायची. शेपटीखाली बोटाला कडक अंडं लागलं की ती आज घालणार. तिला नऊपर्यंत डालग्याखाली डालून ठेवायचं, मग सोडून वीस पावलांवरून पाहायचं. घाई झालेली असते, ती वळणं न घेता सरळ घरट्यावर जाते. गंजीखाली, गव्हाणीच्या मागे निघालं : अकरा अंडी.

सगळी एकदम उचलली तर जागा बदलेल. दोन अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करून ती ठेवली, नऊ काढली. पाण्यात टाकून पाहिली : आडवी पडली ती ताजी, उभी राहिली ती जुनी, तरंगलेलं एक फेकलं.

ग्रामप्रिया खोक्यावर समाधानी असते आणि गावठी पळते, याचं मूळ रानकोंबडीत आहे. ती कळपापासून बाजूला, झुडपाबुडी पाचोळ्यात घालते. गावठीत ते वळण अजून जागं आहे. तेव्हा गावठीसाठी पाचवं खोकं : टोमॅटोचा जुना क्रेट आडवा, जमिनीवरच, खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, वर पोतं, पुढे तुरीच्या काटक्या तिरप्या. गंजीखालची खुणेची दोन अंडी त्यात. दहा दिवस कळप अकरापर्यंत बंद, पाणी-खाद्य आत.

१९ जानेवारी

सहातल्या पाच गावठी क्रेटमध्ये. सहावी गव्हाणीतच जाते. तिथे आता तिच्यासाठी पाटी ठेवली आहे. मुंगूस येणार नाही एवढी उंचावर, वासराच्या जिभेपासून लांब.

११ फेब्रुवारी

दोन गावठी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या. खुणा : दोन रात्री सलग खोक्यात, हात नेला की फुलून टोचतात, छातीची पिसं उपटलेली, दिवसातून एकदाच उठतात आणि मोठी, दुर्गंधी विष्ठा. खुडूक बसली की खोकं अडतं आणि बाकीच्या जमिनीवर जातात, म्हणून निर्णय त्याच दिवशी.

एकीला उद्या अंधार पडल्यावर बसवायचं. पाटीत चार बोटं ओलसर माती, वर राख, वर पेंढा. अकरा अंडी, सगळी आठवड्याच्या आतली, सगळी गावठी. ग्रामप्रिया संकरित असल्यानं तिच्या पिल्लांत आईचे गुण टिकत नाहीत.

दुसरीची उब मोडायची. जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर, उजेडात, अंथरूण नाही, खाद्य-पाणी पूर्ण. खालून वारा लागला की पोट निवतं. तीन-चार दिवस लागतात. नाकपुडीत पीस खुपसायची किंवा गार पाण्यात बुडवायची रीत गावात अजून दिसते. ती इथे करायची नाही. जनावराला यातना होतात आणि जाळीनं तेच काम होतं.

५ मार्च

उबवणीचा एकविसावा दिवस. सातव्या दिवशी बॅटरीवर धरून दोन वांझ काढली होती. नवातली आठ निघाली. उब मोडलेली कोंबडी २ मार्चपासून पुन्हा घालते आहे.

२८ मार्च

खोकं १ आणि २ टाळताहेत. आत जातात, बसतात, दोन मिनिटांत झटकन बाहेर. अंथरूण स्वच्छ, उजेड ठीक. रात्री नऊला दांड्यांच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं पुसलं : लाल डाग. तांबड्या पिसवा, म्हणजे रात्री कोंबडीचं रक्त पिणारे बारीक माइट. दिवसा त्या फटीत लपतात, म्हणून कोंबडीच्या अंगावर शोधून सापडत नाहीत.

झाकणं उतरवली, अंथरूण जाळलं, सांधे उकळत्या पाण्यानं आणि तारेच्या ब्रशनं. वाळल्यावर दाट चुना, सांध्यांत भरून. दांड्यांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे सर्वांत जास्त सापडल्या. हेच सगळं सातव्या दिवशी पुन्हा करायचं, कारण उन्हाळ्यात पिसवेचं अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचं चक्र साधारण आठवड्यात पुरं होतं आणि चुन्याखाली अंडी वाचतात. फवारणी करायची तर डॉक्टरांना विचारून. चूलराख आणि सुकी माती समप्रमाणात, मातीस्नानासाठी टबात ठेवली. कडुनिंबाचा पाला खोक्यात ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका.

१६ एप्रिल

दुपारी एकला खोक्यात ४१ अंश. घालणं आता पहाटे पाच ते आठ. पातळ कवच वाढलं. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच बनायला लागणारं कार्बोनेट त्यातूनच येतं. शिंपले कितीही खाल्ले तरी ही तूट पूर्ण भरत नाही, आधी गारवा हवा.

काल खोकं ३ मध्ये पातळ अंडं फुटलं, आज लाल रिंगवालीच्या चोचीवर बलक. अंडं खायची चटक एकीकडून सगळ्यांत पसरते. उपाय आजच : पत्र्यावर पाचटाचा वीतभर थर, दुपारी त्यावर पाणी. अंडी सहा, आठ आणि दहाला उचलणं. पडदे खालपर्यंत, अंधारात टोचायला नेम लागत नाही. पेंढा १२ सेंमी. शिंपले संध्याकाळी चारला ताजे, कारण कवच रात्री चढतं. लाकडी अंडी परत ठेवली, त्यावर टोचून काही मिळत नाही.

४ मे

आठवडाभर फुटकं अंडं नाही. पातळ कवच अजून दिवसाला एखादं.

जूनच्या नव्या तलंगांसाठी : खोकी उत्तरेच्या भिंतीला हलवायची, उंबरा मुळातच १२ सेंमीचा, दांडे भिंतीत न रोवता कंसावर म्हणजे उचलून धुता येतील, गावठीसाठी जमिनीवरचे क्रेट दोन.

आज १३ अंडी. खोक्यांत ९, क्रेटमध्ये २, गव्हाणीतल्या पाटीत १, जमिनीवर १. जमिनीवरचं त्याच पहिल्या कोपऱ्यात : खालची वीट कुणीतरी काढून नेली होती. वीट परत बसवली, सिमेंट लावून.